‘आधी पंधरा मुली घेऊन बघू’ हा बेत सोडा

पत्र

सप्रेम नमस्कार वि. वि.

आमचं पदवी महाविद्यालय स्थापनेपासून फक्त मुलांचं. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, दर वर्षी २०० प्रवेश, एकूण ६०० विद्यार्थी, १८० जागांचं वसतिगृह. ३४ शिक्षकांत महिला तीन. मुलींना प्रवेश द्यायचा ठराव नियामक मंडळाने केला आहे आणि हाताशी १४ महिने आहेत. मंडळातल्या बहुतेकांचं म्हणणं असं की पहिली दोन वर्षं १५–२० मुली घेऊन बघू, जमलं तर वाढवू. बांधकाम विभागाने स्वच्छतागृहांचा आराखडा काढायला घेतला आहे. माजी विद्यार्थी नाराज आहेत. त्यांच्यातले देणगीदार ‘मुलांची एकही जागा कमी होणार नाही’ असं लेखी मागतात. सध्याची मुलं काहीच बोलत नाहीत, आणि मला तेच जास्त खटकतंय. किती मुली घ्याव्यात? सुरुवात कुठून करावी? हमखास चुकतं ते कुठे?

— एक उपप्राचार्य

उत्तर

उपप्राचार्य महोदय,

बांधकाम विभागाला दोन आठवडे थांबायला सांगा. किती मुली, कोणत्या वर्षाला, कोणत्या इमारतीत, हे ठरायच्या आत काढलेला आराखडा पुन्हा काढावा लागतो. त्याहून वाईट म्हणजे एकदा फरशा बसल्या की प्रवेशाचा आकडाच आराखड्यामागे फरफटत जातो. ‘चार संडास झालेत, तेवढ्यात मावतील तेवढ्याच घेऊ’ असं कोणीतरी बैठकीत म्हणतंच.

त्या दोन आठवड्यांत संस्थेचं न्यासपत्र (संस्था कशासाठी स्थापली ते सांगणारा मूळ दस्तऐवज), मोठ्या देणग्यांचे करार आणि संलग्नतेचे कागद वकिलांकडे द्या. ठराव मंडळाने एकमताने केलेला असला तरी न्यासपत्रात ‘तरुण मुलांच्या शिक्षणासाठी’ असे शब्द असतील, तर तेवढ्यावर कोणीही कोर्टात जाऊ शकतं. कॅलिफोर्नियातल्या डीप स्प्रिंग्ज या अगदी छोट्या कॉलेजात हेच घडलं. संस्थापक एल. एल. नन यांच्या १९२३ च्या न्यासपत्रात ‘होतकरू तरुण पुरुष’ असा उल्लेख होता. विश्वस्तांनी २०११ मध्ये मुली घ्यायचा ठराव केला, त्यांच्यातलेच काही विरोधात कोर्टात गेले, आणि मुली प्रत्यक्ष वर्गात बसल्या त्या २०१८ मध्ये. तुमच्याकडे १४ महिने आहेत, म्हणून हे आधी.

पदकं, शिष्यवृत्त्या, वसतिगृहातल्या देणगीच्या खोल्या यांच्या करारांतही ‘गुणवंत विद्यार्थ्यास’ऐवजी ‘गुणवंत मुलास’ असं लिहिलेलं सापडेल. त्यांची वेगळी यादी करा. हयात देणगीदारांकडून दुरुस्तीची लेखी संमती घ्या. बाकीच्यांबाबत वकील सांगतील तो मार्ग. ही यादी राहून गेली तर पहिल्या वर्षाच्या निकालाच्या दिवशी पहिली आलेली मुलगी पदकाला पात्र नाही असं कार्यालय सांगणार.

आता आकडा. पंधरा-वीस मुलींचा प्रयोग करू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हिशेब मांडून बघा. एकूण संख्या ६०० च ठेवली आणि दर वर्षी २० मुली घेतल्या, तर पहिल्या वर्षी त्या ३.३ टक्के, दुसऱ्या वर्षी ६.७ आणि तिसऱ्या वर्षी १० टक्के होतात. म्हणजे पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत कॉलेज मुलांचंच राहतं, फक्त त्यात काही मुली असतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये मांडलेली विभागणी इथे अजून उपयोगी पडते. एखाद्या गटात एक घटक १५ टक्क्यांच्या आत असला, की त्यातल्या माणसांकडे त्या घटकाचे नमुने म्हणून पाहिलं जातं. एकीचं उत्तर चुकलं तर ‘मुलींना हे जमत नाही’, बरोबर आलं तर ‘ही वेगळीच आहे’. प्रमाण ३५ टक्क्यांच्या पुढे सरकलं की हे बरंच विरतं. वीस मुलींच्या प्रयोगातून मुली इथे टिकतील का, हे कळत नाही. एकट्या पडलेल्या मुली किती सहन करतात एवढंच कळतं.

दक्षिण कॅरोलिनातल्या सिटाडेल या लष्करी कॉलेजात १९९५ मध्ये शॅनन फॉकनर कोर्टाच्या लढाईनंतर एकटी दाखल झाली आणि आठवड्याच्या आत बाहेर पडली. पुढच्या वर्षी चौघी आल्या. त्यातल्या दोघींनी छळाची तक्रार करत पहिल्या सत्रानंतर कॉलेज सोडलं. व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटला १९९६ च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मुली घेणं भाग पडलं. त्यांनी तयारीला वर्ष घेतलं, १९९७ मध्ये ३० जणी एकदम घेतल्या, आणि दुसऱ्या लष्करी कॉलेजांतल्या वरच्या वर्गातल्या मुलींना मार्गदर्शक म्हणून बोलावून घेतलं. तिथेही सगळं सुरळीत झालं असं नाही. पण एकटी मुलगी आणि तीस मुली यांत काय फरक पडतो ते यावरून दिसतं.

‘जमलं तर’ या शब्दांची दुसरी अडचण अशी की ज्यांना हे नको आहे त्यांना ते जमू न देण्याचा रस्ता तुम्हीच दाखवता. मुली सोडून गेल्या की प्रयोग फसला. ठरावात ‘प्रायोगिक तत्त्वावर’ हे शब्द असतील तर पुढच्या बैठकीत काढून टाका.

तुमच्या कॉलेजसाठी आम्ही हे सुचवू: पहिल्याच वर्षी प्रथम वर्षाला २०० पैकी ७० मुली, आणि दुसऱ्या वर्षाच्या गळतीने रिकाम्या होणाऱ्या जागांवर थेट प्रवेशाने २०. म्हणजे पहिल्या दिवशी ६०० त ९०, बरोबर १५ टक्के. शिवाय प्रथम वर्षाच्या वर्गात ३५ टक्के. पुढच्या वर्षी १६०, त्याच्या पुढच्या वर्षी २१०. थेट दुसऱ्या वर्षाच्या वीस जणींना शोभेच्या जागा समजू नका. ‘या सरांच्या जर्नलला काय लागतं’ आणि ‘लायब्ररीच्या कोणत्या कोपऱ्यात बसू नये’ हे नव्या मुलींना सांगायला वरच्या वर्गात कोणीतरी मुलगी हवी. ती नसली की ही माहिती फक्त मुलांकडून मिळते, आणि ती मागण्याची सुद्धा चर्चा होते.

७० हे लक्ष्य आहे, कमाल मर्यादा नव्हे. आणि गुणवत्ता यादी एकच ठेवा. मुलींसाठी कटऑफ खाली आणलात तर ‘कमी गुणांवर आलेल्या’ हा शिक्का तिन्ही वर्षं पुसला जात नाही.

देणगीदारांना जे लेखी हवंय ते देऊ नका. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने नेमकं तेच केलं होतं. १९६९ मध्ये मुली घेताना वर्षाला हजार ‘पुरुष नेते’ घडवण्याचा आपला शब्द कायम राहील असं सांगितलं. मग उरल्या तेवढ्याच जागा मुलींना मिळाल्या. पहिल्या वर्षी सुमारे ५७५ मुली चार हजारांवर मुलांमध्ये, आणि वरच्या वर्गांतल्या मुली बारा निवासी कॉलेजांमध्ये वाटून टाकलेल्या. अर्ज करणाऱ्या हुशार मुलींना परत पाठवत राहायचं, कारण हजाराचा शब्द दिलाय. १९७२ संपता संपता विद्यापीठाने तो आकडा सोडला. दिलेला शब्द मागे घेताना जी शोभा होते, ती आधीच टाळता येते. देणगीदारांना एवढंच सांगा की एकूण जागा कमी होणार नाहीत आणि प्रवेश गुणांवर होईल.

जागा वाढवता येत असतील तर प्रश्न सौम्य होतो. अमेरिकेतल्याच प्रिन्स्टन विद्यापीठात १९६८ च्या पॅटरसन अहवालाने दाखवून दिलं होतं की हजार मुली वाढवल्या तर दर विद्यार्थ्यामागचा वाढीव खर्च नेहमीच्या सरासरीपेक्षा बराच कमी पडतो, कारण वर्ग, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांची क्षमता आधीच पुरती वापरली जात नव्हती. तिथल्याच डार्टमथ कॉलेजने १९७२ मध्ये वेगळी युक्ती केली: शैक्षणिक वर्ष बारा महिने चालवलं आणि उन्हाळी सत्र सक्तीचं केलं. एका वेळी सगळे विद्यार्थी आवारात नसल्याने मुलांची संख्या न घटवता, फारशी नवी वसतिगृहं न बांधता मुली सामावल्या. तुमच्याकडेही दुपारी तीननंतर किती वर्ग रिकामे असतात याचं एका आठवड्याचं वेळापत्रक मांडून मंडळापुढे ठेवा. ‘जागा नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा सकाळच्या तीन तासांपुरतीच खरी निघते.

समजा ७० ऐवजी ३२ च आल्या. मुलांचं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेल्या कॉलेजात मुली अर्ज करायला बिचकतात, तेव्हा हे घडू शकतं. अशा वेळी कार्यालयाची सवय आड येते: समान वाटप. प्रॅक्टिकलच्या दहा बॅच, प्रत्येकीत तीन. तसं करू नका. पाच बॅचमध्ये सहा-सात मुली ठेवा, पाच तशाच राहू द्या, पुढच्या सत्रात बॅच बदला. मात्र सगळ्या मुलींची एकच बॅच कधीही करू नका. ती ‘मुलींची बॅच’ म्हणून ओळखली जाते आणि उपकरणं बिघडली की ती तिथेच जातात.

अर्ज यायला हवे असतील तर ठरावाची बातमी पुरत नाही. माहितीपत्रकात वसतिगृहाच्या जागा, महिला रेक्टरांचा संपर्क, तक्रार समितीची नावं, हे छापलेलं हवं. ते पत्रक प्रवेशाच्या किमान सहा महिने आधी मुलींच्या शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांत पोचलं पाहिजे. आणि फोन उचलणारा कारकून ‘हो, मुलींना प्रवेश आहे’ एवढं एका दमात सांगू शकला पाहिजे. यात विनोद नाही. हा फोन कोणाकडून तरी करवून बघा.

आता आराखडा. मोजमापाला साधारण नियम २५ मुलींमागे एक संडास हा धरा, पण तेवढ्यावर थांबू नका. खरी कसोटी दहा मिनिटांच्या सुट्टीची असते. त्या वेळात एका संडासात तीन-चार जणीच होतात. ९० मुलींना चार पुरतात असं कागदावर दिसतं, आणि ते चारही मुख्य इमारतीच्या तळमजल्यावर असले की प्रयोगशाळेतली मुलगी तिसऱ्या तासाला दहा मिनिटं उशिरा येते. मग हजेरी जाते. मग ती पाणी पिणं बंद करते. म्हणून प्रत्येक इमारतीत, आणि जिथे सलग दोन तासांचं प्रॅक्टिकल असतं त्या मजल्यावर, किमान दोन. एक नको, तो तुंबला की मजलाच बंद.

‘मुताऱ्या काढून तिथे संडास बसवू’ हा ठेकेदाराचा आवडता उपाय. मुतारीचं पाणी साधारण दोन इंची पाइपातून जातं, संडासाला चार इंची लागतो, तोही पुरेशा उतारासह मुख्य मैलावाहिनीपर्यंत. वरच्या मजल्यावर त्यासाठी स्लॅबमधून नवं भोक किंवा फरशी उचलणं आलं. ते न करता जुन्या पाइपाला जोड दिला की पहिल्याच महिन्यात पाणी उलटं येतं. त्यामुळे जिथे चार इंची पाइप आधीच आहे तो मुलांचा आख्खा ब्लॉक मुलींना द्या आणि मुलांच्या मुताऱ्या दुसरीकडे बांधा. त्यांना जागाही कमी लागते, पाइपही.

आत काय हवं: दार जमिनीपासून छतापर्यंत बंद, खाली-वर फट नाही; कडी आतून नीट लागणारी; पिशवी टांगायला हूक, वस्तू ठेवायला फळी, नळ, आणि प्रत्येक संडासात झाकणाची कचरापेटी. पेटी बाहेर बेसिनजवळ एकच ठेवली तर पॅड भांड्यात टाकले जातात आणि पाइप तुंबतो. दोष मग मुलींच्या सवयींना दिला जातो, खरा दोष पेटीच्या जागेचा असतो. पेट्या रोज रिकाम्या व्हायला हव्यात, हे सफाईच्या करारात लिहा. छोटी विजेची पॅड जाळणारी यंत्रं आम्ही सुचवत नाही. एका वेळी ठरावीकच पॅड घालायचे असतात, गर्दीच्या वेळी जास्त कोंबले जातात, अर्धवट जळतात, धुराची नळी खिडकीतून बाहेर काढलेली नसते, आणि दोन महिन्यांत यंत्रावर ‘नादुरुस्त’ची चिठ्ठी लागते. कचरा उचलण्याचा करार जास्त भरवशाचा.

वसतिगृहात मजला देऊ नका, विंग द्या. मधला मजला मुलींना दिला की वरच्या मजल्यावरची मुलं त्याच जिन्याने जाणार. मग जिन्यावर पहारा, वह्या, सह्या. इमारतीचं एक टोक, स्वतःच्या जिन्यासह, तळापासून वरपर्यंत मुलींचं केलं तर मधल्या व्हरांड्यात एक भिंत घालून भागतं. ती भिंत घालण्याआधी अग्निशमनाच्या नियमाने दुसरी वाट राहते का ते तपासा. आणि ती दुसरी वाट कुलूप लावून बंद करू नका. मुलींच्या सुरक्षिततेच्या नावाखाली सर्वांत धोकादायक गोष्ट कोणती होत असेल तर ही. आतून ढकललं की उघडणारं आणि उघडताच घंटा वाजवणारं दार मिळतं, ते बसवा.

रात्रीची वेळ सगळ्यांना एक. ग्रंथालय दहापर्यंत उघडं आणि मुलींचं फाटक आठला बंद, असं झालं तर रोज दोन तास, वर्षाच्या दोनशे दिवसांत चारशे तास मुलांना जास्त मिळाले. पालक कडक वेळ मागतील. त्यांना वाटेवरचे दिवे आणि रात्रीच्या पाळीच्या दोन महिला सुरक्षारक्षक दाखवा. दोन अशासाठी की एकच असली तर ती जेवायला गेली की कोणीच नाही.

दिव्यांचं म्हणाल तर नकाशावर ठरवू नका. येलने १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये इतर कॉलेजांतल्या सुमारे ७५० मुलींना आठवडाभर राहायला बोलावलं होतं. तेवढं नको, पण प्रवेशाच्या चार महिने आधी शेजारच्या कॉलेजातल्या वीसेक विद्यार्थिनींना दोन दिवस बोलवा, संध्याकाळी सहा ते नऊ आवारात फिरू द्या, प्रयोगशाळेत काम करू द्या, आणि कुठे अंधार, कुठे अडलं, कुठे कोणी काय बोललं ते त्यांच्याकडून लिहून घ्या. त्या यादीतल्या निम्म्या गोष्टी तुमच्या समितीच्या डोक्यात आलेल्या नसतील.

आता शिक्षक. इथे बहुतेक कॉलेजं घसरतात, कारण दोष लगेच दिसत नाही. तुमच्या तीन महिला शिक्षिका. मुली आल्या की तक्रार समिती, वसतिगृह, क्रीडा, सांस्कृतिक, प्रवेश, शिस्त या प्रत्येक समितीत ‘एक महिला सदस्य’ हवी. तिघींवर प्रत्येकी चार-पाच समित्या येतात. शिवाय मुली खासगी अडचणी घेऊन त्यांच्याच दाराशी येणार. वर्षभरात त्यांचं संशोधन थांबतं आणि त्यातली एखादी बदली मागते. म्हणून येत्या १४ महिन्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांच्या जाहिराती आत्ता काढा, अभ्यागत शिक्षिका नेमा, आणि समितीचं प्रमुखपद घेणारीचे आठवड्याचे तीन-चार तास लेखी आदेशाने कमी करा. तोंडी सवलत वेळापत्रकात उतरत नाही. रेक्टर पूर्णवेळ हवी; एखाद्या शिक्षिकेला ‘तात्पुरती’ रेक्टर करू नका.

तक्रार समिती पहिल्या प्रवेशाच्या आधी नेमलेली, शिकवलेली आणि भिंतीवर नावानिशी लावलेली हवी. भारतात २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला आणि एक सदस्य बाहेरचा, हे बंधनकारक आहे. तक्रारीला घटनेपासून तीन महिन्यांची मुदत आणि चौकशीला ९० दिवस. विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात विद्यार्थी सदस्यही लागतात. तक्रारपेटी प्राचार्यांच्या खोलीबाहेर लटकवून काही होत नाही. कोण चिठ्ठी टाकतंय ते शिपायापासून सगळे बघतात. बाहेरच्या सदस्याचा फोन आणि स्वतंत्र ईमेल द्या, आणि तो ईमेल कार्यालयातल्या कोणाला उघडता येणार नाही याची खात्री करा. पहिल्या वर्षी तीन-चार तक्रारी आल्या तर घाबरू नका. एकही आली नाही तर मात्र बाहेरच्या सदस्याला चौकशी करायला सांगा.

शिक्षकांसाठी भाषण नको. दोन-दोन तासांच्या दोन बैठका घ्या आणि त्यात फक्त प्रसंग ठेवा. हजेरीपटावर मुलींची नावं शेवटी वेगळी लिहायची की आडनावाच्या क्रमाने? (आडनावाने.) मुलींचे बाक वेगळे? (नाही.) गटाच्या प्रयोगात नोंदवही कोण लिहितं? ही एक गोष्ट मुद्दाम बघा. चौघांच्या गटात एक मुलगी असली की अक्षर चांगलं म्हणून वही तिच्याकडे जाते, उपकरणाला हात मुलं लावतात, आणि वर्षअखेरीला प्रात्यक्षिक परीक्षेत ती मागे पडते. दर आठवड्याला काम बदलायचं, असा तक्ता प्रयोगशाळेत लावा. ‘यावर मुलींचं काय मत?’ असं वर्गात विचारू नये, हेही सांगा. मत विचारायचं ते नाव घेऊन, तिचं.

मुलांचं गप्प राहणं तुम्हाला खटकतंय, ते बरोबरच आहे. मोठ्या सभेत त्यांना विचारू नका. तिथे एकतर टाळ्या पडतील किंवा हुर्यो. प्रत्येक वर्गातल्या आठ-दहा जणांना बोलवा आणि तीन गोष्टी सरळ सांगा: जागा कशा ठरणार, वसतिगृहात कोणाला कुठे हलावं लागणार, आणि कोणते नियम बदलणार. मुलांची भीती बहुतेक वेळा ‘आपली खोली जाईल’ इतकी साधी असते. जी विंग रिकामी करायची आहे तिथल्या मुलांना एक सत्र आधी कळवा आणि दुसऱ्या खोलीची निवड पहिल्यांदा त्यांना करू द्या. त्यांना ‘मुलींचे रक्षक’ मात्र नेमू नका. रक्षणाच्या नावाखाली पाळत सुरू होते. नव्या मुलांना वसतिगृहात ‘सामील करून घेण्याच्या’ ज्या काही रीती चालत आल्या आहेत, त्यांची यादी सिनियर मुलांकडूनच काढून घ्या. ज्या मुलीसमोर करता येणार नाहीत असं त्यांनाच वाटेल, त्या मुलांसाठीही बंद करायच्या लायकीच्या असतात.

जिमखान्याला एक तपशीलवार खरेदीयादी द्या, नाहीतर मुलांचंच साहित्य ‘चालेल’ म्हणून वापरलं जातं. व्हॉलीबॉलचं जाळं मुलींना २.२४ मीटरवर हवं, मुलांचं २.४३, खांबावर दोन्ही खुणा पाडा. बास्केटबॉल सहा नंबरचा, मुलांचा सात. गोळा ४ किलोचा, ७.२६ चा नव्हे. भाला ६०० ग्रॅमचा, ८०० चा नव्हे. मैदानाच्या वेळा आठवड्याच्या तक्त्यात आधीच वाटून ठेवा, ‘मुलांचं झालं की’ ही वेळ कधी येत नाही. प्रयोगशाळेत लहान मापाचे हातमोजे आणि अंगरखे मागवा. मोठ्या हातमोज्यात बोटं घसरतात आणि चंचुपात्र निसटतं. यंत्रशाळेत केस बांधलेले, सैल बाही नाही, गळ्यात लोंबतं काही नाही, हा नियम सगळ्यांना. आरोग्य खोलीत आठवड्यातून दोनदा महिला डॉक्टर, आणि पॅड प्रत्येक मजल्यावर. रेक्टरच्या कपाटात कुलपाखाली नकोत. आजारपणाच्या रजेवर कारण लिहायची सक्ती काढा.

माजी विद्यार्थ्यांबद्दल फार वेळ घालवू नका. केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात १९८८ मध्ये मुली आल्या तेव्हा काही विद्यार्थ्यांनी काळ्या फिती लावल्या आणि झेंडा अर्ध्यावर उतरवला होता. कॉलेज चालू राहिलं. संघटनेला वर्षातून दोनदा आकड्यांसकट लेखी माहिती द्या, पण प्रवेश समितीत जागा देऊ नका. कॉलेजगीत, ब्रीदवाक्य, संमेलनाच्या आरोळ्या यांचं काम मात्र आत्ताच उरका. डार्टमथमध्ये मुली १९७२ ला आल्या आणि गीतातले ‘पुरुष’ बदलायला १९८८ उजाडलं. दरम्यानच्या सोळा वर्षांतल्या मुली ते गीत तसंच म्हणत बाहेर पडल्या. नव्या पुस्तिकेत नवे शब्द छापा. जुन्या ओळींना जे चिकटून आहेत ते त्या म्हणत राहतील, त्यांना अडवू नका.

पहिल्या दिवशी छायाचित्रकार बोलावू नका.

शेवटी, मंडळाला पहिल्या वर्षाचा अहवाल कसा द्यायचा. किती मुली आल्या हा आकडा सगळेच सांगतात. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत १९७६ मध्ये ११९ मुली दाखल झाल्या आणि १९८० मध्ये ६२ जणी पदवी घेऊन बाहेर पडल्या. तुमच्या अहवालातही प्रवेशाच्या शेजारी टिकलेल्यांचा रकाना हवा, मुलं आणि मुली दोघांचा. त्यासोबत संध्याकाळी सातनंतर ग्रंथालयात आलेल्यांची नोंद, मैदानाचे तास, थेट दुसऱ्या वर्षाच्या वीस जणींचे निकाल. जी मुलगी कॉलेज सोडेल तिच्याशी पंधरा दिवसांच्या आत बाहेरच्या सदस्याने बोलावं, प्राचार्यांनी नव्हे, आणि कारण तीन रकान्यांत लिहावं: घर किंवा पैसा, विषय, आवार. तिसऱ्या रकान्यात काही आलं तर नाव वगळून तिचे शब्द तसेच्या तसे त्याच महिन्याच्या बैठकीपुढे ठेवा. वर्षअखेरीपर्यंत थांबू नका, कारण तोवर तिच्या बाकाशेजारची मुलगीही दाखला मागायला आलेली असते.